कातरी हातात घेण्यापूर्वी

मराठीच्या मास्तराला छाटणी शिकवावी लागत नाही, अशी माझी परवापरवापर्यंत समजूत होती. गेली अठरा-वीस वर्षे मी दुसरे काय करीत आलो आहे? विद्यार्थ्यांच्या निबंधांतली फुकटची विशेषणे उडवायची, 'शुभ्र पांढरा बगळा' दिसला की त्याचा एक रंग काढून घ्यायचा, बारा पानांचा मजकूर पाच पानांवर आणायचा! तेव्हा झाडांची छाटणी ती काय मोठी? लाल पेनाच्या जागी कातरी आली, एवढाच काय तो फरक.

या समजुतीच्या बळावर गेल्या वर्षीच्या जूनमध्ये मी आमच्या पुण्याच्या घराच्या गच्चीवर शेती सुरू केली. शेती म्हणजे मोठ्या कुंड्यांत टोमॅटोची चार रोपे आणि काकडीचे दोन वेल. त्यांतली टोमॅटोची दोन रोपे 'पुसा रुबी' जातीचे बी आणून मी घरीच तयार केली होती. उरलेली दोन रस्त्याकडेच्या एका रोपवाटिकेतून आणली. रोप घेताना त्याची जात विचारायची असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. काकडी मात्र 'पूना खिरा'. पुण्यात राहून दुसरी कोणती लावणार?

त्याच जूनमध्ये आमच्या घरात आणखी एक छाटणी झाली. आमचे चिरंजीव दहावीत गेले आणि त्यांचा तबला बंद झाला. पाच वर्षे तो शिकत होता, हातही बरा वळत होता. पण दहावी ती दहावी. शिवाय या बाबतीत आमच्या गाठीला अनुभव होता. थोरल्या मुलीला चित्रकला, कथक, पोहणे आणि गिटार असे चार नाद होते आणि चारही अर्धवट. दहावीच्या वर्षी तिचे तीन नाद सोडवले, चित्रकला तेवढी ठेवली. मुलगी अशी सरळ वर गेली की आज ती आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जे तिला मानवले ते त्याला का मानवू नये? तबला-डग्गा खोळीत गेला आणि खोळ माळ्यावर गेली. चिरंजीव एका शब्दानेही कुरकुरले नाहीत. मी त्याला समजूतदारपणा म्हटले.

इकडे गच्चीवर रोपे वाढू लागली. टोमॅटोच्या खोडाला जिथे पान फुटते, तिथे पान आणि खोड यांच्या बेचक्यातून एक कोवळा धुमारा डोके वर काढतो. शेतकरी त्याला 'बगलफूट' म्हणतात. काय नेमका शब्द आहे! ही बगलफूट ठेवली तर तिची फांदी होते, त्या फांदीला पुन्हा बगलफुटी येतात आणि महिन्याभरात झाडाचे जंगल होते. वारा खेळत नाही, ऊन आत शिरत नाही, पाने ओली राहतात आणि करप्यासारख्या रोगाला आयते घर मिळते. म्हणून बगलफूट दोन-तीन इंचांची असतानाच चिमटीत धरून वाकवावी. ती कट्कन मोडून हातात येते. नवख्याला भीती असते ती फुलांचा घोसच मोडण्याची. पण टोमॅटोचा घोस पानाच्या बेचक्यातून येत नाही. दोन पानांच्या मधल्या मोकळ्या खोडातून येतो. एवढे ध्यानात ठेवले की चूक होत नाही.

माझ्या दोन्ही 'पुसा रुबी'ना हा उपचार छान मानवला. काठीला सुतळीने बांधलेली ती झाडे एकेका खोडावर चढत गेली आणि घोस लोंबू लागले. माझा आत्मविश्वास इतका वाढला की मी वर्गातही छाटणीचे दाखले देऊ लागलो. आणि मग, एक कायदा सर्वांना सारखा, या न्यायाने मी उरलेल्या दोन टोमॅटोंच्या आणि दोन काकड्यांच्याही बगला साफ करून टाकल्या. बेचक्यात काही दिसले की खुडलेच!

परिणाम लवकरच दिसला. विकतची दोन टोमॅटो गुडघ्याएवढी होऊन थांबली. शेंड्याला एक घोस आला, त्यावर चार फळे धरली आणि झाडे पुढे हलेचनात. काकडीचे वेल मात्र दोरीवरून दिमाखाने कठड्यावर पोचले. पिवळ्या फुलांनी नुसते डवरले. फुले उमलत, एका दिवसात मिटत आणि गळून पडत. काकडी म्हणून औषधाला नाही!

"अहो, फुलांचीच कोशिंबीर करू का?" सौभाग्यवतींनी विचारले. मी ऐकू न आल्यासारखे केले.

गौरी-गणपतीला तिचे मामा आले. जुन्नर तालुक्यात त्यांची शेती आहे. नारायणगावच्या बाजारात त्यांच्या टोमॅटोचे क्रेट कित्येक वर्षे जात आहेत. आरती झाल्यावर मी त्यांना मोठ्या उत्साहाने गच्चीवर नेले. 'पुसा रुबी' पाहून त्यांनी मान डोलावली. मग ते बुटक्या झाडांपाशी बसले, खोडावरून बोट फिरवले आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

"जावईबापू, हिच्या बगलफुटी कुठं गेल्या?"

"काढल्या," मी अभिमानाने सांगितले.

"सगळ्या?"

"सगळ्या."

मामांनी टोपी सारखी केली. "अहो, ही झुडुपाची जात. हिला फांद्यांवरच माल धरतो. फळ कुठं येतंय ते आधी बघायचं, मग हात लावायचा."

त्या संध्याकाळी माझे खरे शिक्षण झाले. पुढे पुस्तके चाळून त्यात भर घातली. पण पाया मामांचा.

टोमॅटोच्या जाती मुख्यतः दोन स्वभावांच्या. एक उंच वाढणारी, 'पुसा रुबी'सारखी. तिचे खोड हंगामभर वाढतच राहते, घोसामागून घोस देत जाते. तिला आधार हवा आणि बगलफुटी काढायला हव्यात. फार तर पहिल्या घोसाच्या लगत खालची एक बगलफूट ठेवावी आणि दोन खोडांवर झाड न्यावे. दुसरी झुडुपी, 'रोमा' या जातीसारखी. तिचा शेंडाच थोड्या वाढीनंतर फुलांच्या घोसात संपतो. पुढचे पीक बाजूच्या फांद्यांवर येते. तिच्या बगलफुटी काढणे म्हणजे उद्याची फळे आज खुडणे. या झुडुपी जातींचे मूळ मोठे गमतीचे आहे. १९१४ साली अमेरिकेतल्या फ्लॉरिडात टोमॅटोचे असे एक आपोआप थांबणारे झाड आढळले. शास्त्रज्ञांनी त्या गुणाला जे इंग्रजी नाव दिले, त्याचा अर्थच 'स्वतःची छाटणी स्वतः करणारे' असा आहे. आणि अशा झाडावर मी कातरी घेऊन बसलो होतो!

काकडीची कथा आणखी निराळी. टोमॅटो आपल्याकडे पाहुणा. दक्षिण अमेरिकेतून निघून पोर्तुगिजांबरोबर इथे आला. काकडी मात्र मूळची इथलीच. हिमालयाच्या पायथ्याशी तिची रानटी भावंडे आजही सापडतात. संस्कृतातल्या 'कर्कटी'ची मराठीत 'काकडी' झाली, हे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. पण तिची फुले दोन प्रकारची असतात, हे मात्र मला मामांनी दाखवावे लागले. नरफूल नुसत्या बारीक देठावर असते; मादीफुलाच्या मागे इवलीशी काकडी जन्मतःच चिकटलेली असते. आपल्या साध्या जातींत मुख्य वेलावर आधी नरफुलांचीच गर्दी होते. मादीफुले अधिक येतात ती बाजूच्या फांद्यांवर. नेमक्या त्याच मी दीड महिना इमानेइतबारे कापीत होतो.

"पॉलिहाउसातली काकडी निराळी," मामा म्हणाले. "तिला सगळी मादीफुलंच, ती एकाच खोडावर चालते. तिचा कायदा हिला लावू नका." त्यांनी दोन्ही वेलांचे शेंडे नखाने खुडले. "आता बाजूनं फुटेल. वेल अजून दमला नाही."

खाली येऊन चहा घेताना मामांनी सहज विचारले, "आणि आमचे तबलजी कुठं आहेत? मघाशी आरतीला ठेका ऐकू आला नाही."

"यंदा दहावी आहे ना," मी म्हणालो. "बंद केलाय."

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी बशी तोंडाला लावली. चिरंजीव दाराशी उभे होते. ते आत निघून गेले.

त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. जूनपासूनच्या बारीकसारीक गोष्टी आठवू लागल्या. पोरगा टेबलाशी तासन् तास बसे. पण अर्ध्या तासाने डोकावले तरी पान तेच असे. कधी टेबलाच्या कडेवर त्याची बोटे हळूहळू चालत आणि माझी चाहूल लागली की थांबत. सहामाहीपूर्वीच्या चाचणीत गुण घसरले होते. अभ्यास कमी पडला म्हणून मी त्याचे संध्याकाळचे फिरणेही बंद केले होते. म्हणजे आणखी एक बगलफूट काढली होती. थोरलीच्या वेळी आम्ही छाटले ते बरोबरच होते. तिचे चार नाद एकमेकांचा रस ओढून घेत होते. पण या पोराचा एकच नाद होता आणि बाकीचे सारे त्याच्या आधाराने उभे होते. ते तपासायची तसदी मी घेतलीच नव्हती. एका झाडाला लाभलेली कातरी मी दुसऱ्याला लावली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडी लावून माळ्यावर चढलो. खोळ झटकली आणि तबला-डग्गा त्याच्या खोलीत नेऊन ठेवला. "रोज एक तास," मी म्हणालो. आणखीही काही बोलायचे मनात होते. पण मास्तर असूनही शब्द सापडले नाहीत. त्याने फक्त तबल्याच्या काठावर हातोडी घेतली आणि सूर लावायला बसला. तीन महिन्यांत तबला बराच उतरला होता.

घटस्थापनेच्या सुमारास काकडीच्या एका नव्या फांदीवर मादीफूल दिसले. ते पाहायला चौघेही गच्चीवर गेलो होतो.

यंदा मी शहाण्यासारखा वागतो आहे. रोप घेताना जात विचारतो. सकाळी दव वाळल्यावर, कोरड्या हवेत छाटणी करतो. ओल्या जखमेतून रोग शिरतो. हात साबणाने धुतो आणि कातरी स्पिरिटने पुसतो. तंबाखू-सिगारेट हाताळणाऱ्यांनी तर हे केलेच पाहिजे, कारण तंबाखूवरचा एक विषाणू हातांवाटे टोमॅटोला लागतो. टोमॅटोची जमिनीला टेकणारी पाने काढतो. पण घोसावरची सावली ठेवतो, नाहीतर आपल्याकडच्या उन्हात फळांना पांढरे चट्टे पडतात. उंच झाडांचा हंगाम संपायला महिना राहिला की शेंडा खुडतो, म्हणजे धरलेली फळे नीट भरतात. काढलेल्या बगलफुटींतली एखादी वीतभर लांब असेल तर पाण्याच्या पेल्यात ठेवतो. आठ-दहा दिवसांत तिला मुळ्या फुटतात आणि शेजाऱ्यांना द्यायला फुकटात रोप तयार होते.

काकडीच्या तळाच्या पाच-सहा पेरांवरचे धुमारे आणि फुले लहानपणीच काढतो, म्हणजे वेल आधी अंग धरतो. त्यावरच्या फांद्या वाढू देतो. फांदीवर काकडी धरली की तिच्यापुढे दोन पाने ठेवून शेंडा खुडतो. भुरीची किंवा केवड्याची पाने देठापासून कातरीनेच काढतो. ओढले तर वेल सोलतो. आणि काकडी कोवळी असतानाच तोडतो. एखादी पिकून पिवळी होऊ दिली तर वेल नवी फळे धरायला आळस करतो. कोकणातल्या मंडळींना धोंडसासाठी जून तवसेच लागते. त्यांनी शेवटची एखादी जरूर राखावी.

एक मात्र खरे सांगतो. बगलफुटी काढलेल्या झाडाला फळे मोजकी येतात, पण मोठी आणि लवकर. न काढलेल्याला पुष्कळ, पण लहान. कोणते हवे ते ज्याचे त्याने ठरवावे. मात्र ठरवण्यापूर्वी झाडाकडे दोन दिवस नुसते पाहावे.

चिरंजीवांना दहावीला गुण किती पडले, असे आता तुम्ही विचारालच. पुरेसे पडले. यंदा गणपतीच्या आरतीला ठेका त्याचाच होता. मामा आले होते, आणि या खेपेला ते आधी गच्चीवर गेलेच नाहीत.

दिवाळीनंतरची थंडी टोमॅटोला मानवते. फराळाचे डबे रिकामे झाले की दोन कुंड्या भरा, दोन रोपे लावा. कातरीची घाई करू नका; पहिले तीन आठवडे तिचे काही काम नसते.