सेल्फच्या बॅटरीला दुसरं काम नको

कर्जत-खालापूरला वीज नवी नाही. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र 1915 मध्ये सुरू झालं, कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं 1922 मध्ये. घाटमाथ्यावरचा पाऊस नळांतून खाली उतरला, त्याची वीज झाली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. ज्यांच्या डोक्यावरून ती गेली त्यांच्या नेरळ, कशेळे, कडाव, चौक या भागात आज फार्महाउस असो, पोल्ट्री असो की भातगिरणी, मागच्या शेडमध्ये एक डिझेल जनरेटर उभा असतोच. जूनचा पहिला वारा सुटला की फांद्या तारांवर येतात आणि लाइट तासन्‌तास येत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं, तेव्हा रायगडातल्या कितीतरी गावांत कित्येक दिवस अंधार होता.

अशा वेळी जनरेटर दगा देतो तो बहुधा डिझेलमुळे नाही. चावी फिरवल्यावर नुसता ‘टक’ असा आवाज येतो आणि पुढे काही होत नाही. दोष बॅटरीचा असतो, आणि बॅटरीची ती अवस्था आपल्याच काही पक्क्या समजुतींनी केलेली असते.

“इन्व्हर्टरची 150 एएचची बॅटरी आहे की! तिच्यावरच जनरेटर चालू होईल.”

ही समजूत सर्वांत पसरलेली आणि सर्वांत महागात पडणारी. 150 एएच (अँपिअर-तास) हा आकडा साठा सांगतो, जोर सांगत नाही. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीवर तो बहुधा 20 तासांच्या हिशोबाने लिहिलेला असतो, म्हणजे साडेसात अँपिअरने 20 तास. जनरेटरच्या सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरला, मात्र दोन-तीन सेकंदच वीज लागते, पण ती कित्येकशे अँपिअर. त्यासाठी सेल्फच्या बॅटरीत पातळ प्लेटा भरपूर बसवलेल्या असतात. ॲसिडला भिडणारं क्षेत्र मोठं, म्हणून एकदम झटका देता येतो. ट्युब्युलरच्या प्लेटा जाड असतात. त्या सावकाश, खोलवर रिकाम्या होऊन पुन्हा भरतात आणि वर्षानुवर्षं ते सहन करतात. नांगराचा बैल आणि शर्यतीचा बैल एकाच गोठ्यात असले तरी कामं बदलून चालत नाहीत.

उलटही तितकंच खरं. सेल्फच्या बॅटरीवर रात्रभर पंखे चालवले तर पातळ प्लेटांवरचं द्रव्य झडू लागतं आणि थोड्याच दिवसांत ती कामातून जाते.

पण समजा, नडीला ट्युब्युलरने सेट सुरू केलाही. लहान इंजिन गरम असेल तर तो होतोही. खरी अडचण वेळेची आहे. आपल्याकडचा माणूस लाइट गेल्यावर लगेच जनरेटर लावत नाही. डिझेल वाचवायचं असतं, आणि “येईल आता” ही आशाही असते. तोवर इन्व्हर्टर चालतो. मध्यरात्री तो टूं टूं करायला लागला की मालक टॉर्च घेऊन शेडकडे निघतो. म्हणजे बॅटरी रिकामी होण्याची घटका आणि जनरेटर लागण्याची घटका एकच. दोन्ही कामं एकाच बॅटरीवर असतील तर तुम्ही नेमक्या त्याच क्षणी अडकता. दोन बॅटऱ्या समांतर जोडून एक मोठी बॅटरी केली, तरी दोन्ही एकत्रच उतरतात.

समुद्रावरच्या लोकांना हे केव्हाच कळलेलं आहे, कारण तिथे मदतीला कोणी येत नाही. नीट वायरिंग केलेल्या बोटीवर दिवे, वायरलेस, फ्रीज यांची बॅटरी वेगळी आणि इंजिन सुरू करणारी वेगळी. बोटीवर जनरेटर असेल तर त्याच्या सेल्फला आणखी एक स्वतंत्र बॅटरी देतात, म्हणजे बाकी सगळं झोपलं तरी तेवढा एक सुरू होतो आणि उरलेल्यांना चार्ज करतो. या बॅटऱ्यांच्या मध्ये एक जोडस्विच असतो, तो फक्त अडीअडचणीला. खालापुरातल्या पोल्ट्रीला समुद्र नाही. पण मे महिन्यातल्या दुपारी पंखे बंद पडले की पक्षी वाट बघत नाहीत.

“एकदा सेल्फ मारला की निम्मी बॅटरी उतरते.”

नाही. हिशोब करून बघा: 300 अँपिअर, 3 सेकंद, म्हणजे 900 अँपिअर-सेकंद. तासांत मांडलं तर 0.25 एएच. 88 एएचच्या बॅटरीला हे चिमूटभरही नाही. बॅटरी उतरते ती जनरेटर बंद असताना. लाइट गेली की सेट आपोआप सुरू करणारं जे ऑटो पॅनल असतं, त्यातला कंट्रोलर सतत जागा असतो. तो केवळ 0.1 अँपिअर खात असेल असं धरलं तरी दिवसाला 2.4 एएच आणि 20 दिवसांत 48 एएच होतात. बॅटरी निम्म्याच्या खाली जाते आणि सेल्फ एकदाही लागलेला नसतो. शनिवार-रविवारी उघडणाऱ्या फार्महाउसांत नेमकं हेच घडतं. अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि मग चार्जिंगला लावूनही ती पूर्वीसारखी भरत नाही.

यावर जो उपाय सांगितला जातो, तोही एक गैरसमजच आहे: आठवड्यातून पाच मिनिटं जनरेटर चालवायचा. इंजिनवर पट्ट्याने फिरणारा छोटा चार्जिंग अल्टरनेटर असतो. गावातले मिस्त्री त्याला डायनॅमो म्हणतात. घराला वीज देणारा मोठा अल्टरनेटर वेगळा. डायनॅमोने पाच मिनिटांत 12 अँपिअरने दिलं तर बॅटरीत 1 एएच परत जातो. सेल्फचा खर्च भरून निघाला, पण कंट्रोलरने आठवड्यात खाल्लेले सुमारे 17 एएच तसेच बाकी. शिवाय लोड न देता थोडा वेळ चालवलेलं डिझेल इंजिन नीट तापत नाही, न जळलेलं इंधन धुराड्यात आणि पिस्टनवर चिकटतं. महिन्यातून एकदा, निदान अर्धा तास, पंप-एसी लावून चांगल्या लोडवर चालवणं जास्त उपयोगी. बॅटरी भरलेली ठेवायला मात्र विजेवर चालणारा छोटा फ्लोट चार्जरच हवा, जो साधारण 13.5 व्होल्टवर थांबून राहतो. बाजारातले काही स्वस्त चार्जर थांबतच नाहीत. ते बॅटरी महिनोन्‌महिने उकळत ठेवतात, पाणी आटतं, प्लेटा उघड्या पडतात. पॅनलमध्ये चार्जर आधीच असेल तर त्याचा एमसीबी चालू आहे ना, एवढं तरी बघावं. तो पाडून ठेवलेला सापडणं मुळीच दुर्मिळ नाही. आणि फार्महाउस महिनाभर बंद राहणार असेल, वीजही मेनस्विचवरून तोडणार असाल, तर बॅटरीच्या निगेटिव्हवर एक आयसोलेटर स्विच बसवून तो बंद करून ठेवावा.

“दोन बॅटऱ्या आहेत, एकीवरून 12 व्होल्ट घेतले तर काय बिघडलं?”

मोठ्या सेटना सेल्फ 24 व्होल्टचा असतो आणि 12-12 च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. मग कोणीतरी हुशारीने खालच्या एका बॅटरीवरून शेडमधला दिवा, गेटचा कॅमेरा किंवा वायफायचा राउटर चालवतो. ही बॅटरी रोज थोडी उतरते, वरची भरलेलीच राहते. चार्जर मात्र दोघींना मिळून 27 व्होल्ट देतो; त्याला आतला फरक दिसत नाही. भरलेलीला जास्त मिळतं, ती उकळते. रिकामीला पुरेसं मिळत नाही, ती सल्फेट होते. सहा महिन्यांनी दोन्ही खराब, आणि दोष मात्र बॅटरीच्या कंपनीला. 12 व्होल्ट हवेच असतील तर 24 वरून 12 करणारा कन्व्हर्टर मिळतो, किंवा त्या दिव्याला-कॅमेऱ्याला वेगळी छोटी बॅटरी द्यावी. माझं मत विचाराल तर वेगळी बॅटरीच बरी, कन्व्हर्टरही शेवटी सेल्फच्याच साठ्यातून खातो. जोडीतल्या दोघींत फरक पडू नये म्हणून एकच बॅटरी बदलणंही बरं नाही; नवी आणि जुनी एका दोरीत बांधली की जुनी नवीला आपल्या वयाला आणते.

“मीटर 12.6 दाखवतोय, म्हणजे बॅटरी ठणठणीत.”

विसावलेल्या भरल्या बॅटरीवर 12.6 ते 12.7 व्होल्ट दिसतात, 12.2 म्हणजे जवळपास निम्मी; हे खरं. पण हा आकडा चार्ज सांगतो, तब्येत सांगत नाही. सल्फेटने आतला रोध वाढलेली बॅटरीही निवांत असताना 12.6 दाखवते आणि सेल्फ लावला की 7 वर कोसळते. म्हणून मीटरचे काटे टर्मिनलवर धरून ठेवायचे आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगायचं. इंजिन फिरत असताना व्होल्टेज साधारण साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी संशयित आहे. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर घ्या: आपल्याकडच्या भरलेल्या बॅटरीत ॲसिडची घनता 1.240 ते 1.260 च्या घरात असते. सहापैकी एकच सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली दिसला, तर ती बॅटरी कितीही चार्ज केली तरी उठणार नाही.

अशक्त बॅटरी नव्या सेटना आणखीच चालत नाही. 1 जुलै 2023 पासून 800 किलोवॉटपर्यंतच्या नव्या जनरेटरना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे (सीपीसीबी) चौथ्या टप्प्याचे धुराचे नियम लागू झाले. त्यानंतरच्या बऱ्याच इंजिनांत इंधनाचं नियंत्रण इलेक्ट्रॉनिक आहे. जुन्या इंजिनाला अशक्त बॅटरीने कसंबसं फिरवलं तरी ते पेट घ्यायचं. नव्यात व्होल्टेज फार पडलं की इंजिनचा संगणकच बंद-चालू होतो. इंजिन फिरतं पण सुरू होत नाही, आणि माणसं डिझेल फिल्टर उघडत बसतात. ज्यांनी डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून हँडल मारत शेतावरची इंजिनं सुरू केली, त्या पिढीला हे सगळं नाजूक वाटेल. वाटू दे, आजच्या 25 केव्हीएच्या सेटला हँडल लावायला जागाच नाही. 2-3 केव्हीएच्या पेट्रोल सेटला मात्र ओढायची दोरी असते, तिथे बॅटरीची एवढी चिंता नको.

“केबल काय, कुठलीही चालते.”

इथे गणित निर्दयी आहे. बॅटरी जनरेटरपासून 5 मीटरवर कोपऱ्यात ठेवली, जाऊन-येऊन 10 मीटर तांब्याची 35 स्क्वेअर एमएमची केबल वापरली, तर तिचा रोध 0.005 ओहम भरतो. 300 अँपिअरला दीड व्होल्ट केबलमध्येच जातात. तीच बॅटरी मीटरभर अंतरावर आणली की नुकसान 0.3 व्होल्टवर येतं. म्हणून स्वतंत्र बॅटरी बसवायची तर सेल्फला शक्य तितकी चिकटून, पण सायलेन्सरच्या धगीपासून दूर. बंद कॅनोपीत या दोन्ही अटी सांभाळणं कठीण जातं. तापमान 10 अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, आणि कर्जतला एप्रिल-मेमध्ये बाहेरच पारा कित्येकदा 40 च्या वर जातो. पावसाळ्यात मरणाऱ्या बॅटऱ्या बहुतेक उन्हाळ्यातच खंगलेल्या असतात; पावसाचं काम फक्त टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी चढवण्याचं. ती गरम पाण्याने धुवावी, लग घट्ट आवळावेत, वर पेट्रोलियम जेली लावावी.

काही समजुती दोन ओळींतच निकालात निघतात. सिमेंटच्या जमिनीवर ठेवली म्हणून आजची प्लॅस्टिकच्या डब्यातली बॅटरी उतरत नाही. ती गोष्ट जुन्या लाकडी आणि रबरी खोक्यांच्या काळातली. मात्र ओल आणि ॲसिडमिश्रित धूळ वरच्या झाकणावर साचली तर त्या थरातून थोडी वीज झिरपते, तेव्हा झाकण कोरडं ठेवावं. पातळी कमी झाली तर डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. ॲसिड घालू नये, कारण आटतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. विहिरीचं, बोअरचं किंवा आरओचं पाणीही नको. मेंटेनन्स-फ्री म्हणजे पाणी घालायला नको, बघायलाच नको असं नव्हे.

आणि गाडीवरून जंप. 12 व्होल्टच्या सेटला 12 व्होल्टच्या गाडीवरून जंप देता येतो: आधी लाल केबल दोन्ही पॉझिटिव्हना, मग काळी गाडीच्या निगेटिव्हला, आणि तिचं दुसरं टोक जनरेटरच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचा क्लॅम्प लावताना ठिणगी पडतेच, ती त्या वायूजवळ पडू नये. सेल्फ एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावं, नाहीतर सेल्फचीच वाइंडिंग जळते. 24 व्होल्टच्या सेटला एका गाडीच्या बॅटरीचा उपयोग नाही. तिथे भरलेल्या दोन बॅटऱ्याच लागतात.