अक्षांशनिहाय भूमि व सागर यांची मोजणी

भूपृष्ठाचा सुमारें ७१ टक्के भाग सागरानें व्यापिला आहे, हें आमचे वाचक जाणतातच. परंतु ही वांटणी सर्वत्र सारखी नाहीं. उत्तर गोलार्धांत भूमि सुमारें ३९ टक्के, तर दक्षिण गोलार्धांत अवघी १९ टक्के आहे. उत्तरेस ६० व्या अक्षांशावर बहुतांश भूमीच लागते. दक्षिणेस त्याच अक्षांशावर पृथ्वीप्रदक्षिणा केली तरी पाण्यावांचून कांहीं दिसत नाहीं.

ही मोजणी आतां संगणकावर, क्यू-जी-आय-एस या विनामूल्य नकाशा-प्रणालीच्या साह्यानें, घरबसल्या करतां येते. अंशाअंशाचे पट्टे पाडून प्रत्येकांतील भूमीचे चौकोन मोजावयाचे. मात्र सर्व चौकोन समान धरूं नयेत. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर सुमारें १११ किलोमीटर भरतो, ६० व्या अक्षांशावर त्याच्या निम्मा. यास्तव क्षेत्र यथार्थ राखणारें समक्षेत्र प्रक्षेपण निवडावें.

शेतकऱ्यांस यांत काय? हाच नियम शेतासही लागू आहे. मर्केटर प्रक्षेपणाच्या सपाट नकाशावर सरळ मापल्यास परभणी-नांदेडकडील १०० गुंठे सुमारें ११२ भरतात. तेव्हां पडद्यावरील आंकड्यावर विसंबून बांधाचा तंटा मांडण्यापूर्वीं प्रक्षेपण कोणतें हें पाहावें, व शंका राहिल्यास सरकारी मोजणी मागावी, अशी आमची सूचना आहे.