जुना पिकअप घेतलाय? आधी रेडिएटर बघा!

मित्रांनो, जुना पिकअप घेतला की पहिला खर्च होतो म्युझिक सिस्टीम आणि लायटिंगवर. जरा थांबा! नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. काटोलहून कळमन्याला भाजी आणताना गाडी गरम होऊन उभी राहिली, तर भाडं गेलं आणि मालही सुकला. म्हणून आधी रेडिएटर साफ करून घ्या. होज पाइप दाबून बघा. कडक झालेले किंवा भेगा पडलेले असतील तर बदला. नुसतं पाणी नको, कूलंट टाका. मग ब्रेक, टायर.

जादा पाटे टाकून ओव्हरलोड करायचा मोह होतोच. पण पाटे वाढले म्हणून ब्रेकची ताकद वाढत नाही, आणि आरसीवरचं वजनही नाही. 8 वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतो, ती तारीख आत्ताच मोबाईलमध्ये टाका. पैसे उरले तर चांगली ताडपत्री घ्या. लायटिंगचं दिवाळीत बघू!