मागे राहिलेले कागद (लेखांक 6) : मालमत्ता थोडी, देणी फार

तेराव्याची पानं उठतात न उठतात तोच माणसं येऊ लागतात. कुणी ओसरीवर बसून हलक्या आवाजात विषय काढतं, कुणी उंबऱ्यातूनच विचारतं, "भाऊंकडे आमचे थोडे राहिले होते, त्याचं काय करताय?" बारा रात्री धड झोप न झालेला मुलगा बोलून जातो, "काका, तुम्ही काळजी करू नका. मी फेडतो."

हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलं आहे. त्यामागची माया आणि लाज दोन्ही खरी असतात. वडिलांचं नाव खराब होऊ नये असं कुणाला वाटत नाही? पण या वाक्यापायी बायकोचे दागिने गेलेले आणि मुलीचं कॉलेज सुटलेलंही मी पाहिलं आहे, म्हणून आजचा लेख जरा कळकळीनं लिहितो आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. गेलेल्या माणसाचं देणं त्याच्या मालमत्तेतून फेडायचं असतं. वारसाच्या हाती त्या मालमत्तेतलं जेवढं आलं, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. दिवाणी प्रक्रिया संहितेची कलमं 50 आणि 52 हेच सांगतात. वारसाच्या स्वतःच्या पगाराला, त्यानं स्वतः घेतलेल्या घराला धनको हात लावू शकत नाही.

आपल्याकडे हे नेहमीच असं नव्हतं. मुंबई इलाख्यात एकेकाळी बापाकडून दमडी मिळाली नसली तरी मुलाला आणि नातवाला कर्ज फेडावं लागे. एवढंच काय, विधवेशी लग्न करणाऱ्याच्या गळ्यात तिच्या पहिल्या नवऱ्याचं कर्ज पडे. या दोन्ही गोष्टी 1866 च्या मुंबई कायदा क्रमांक 7 नं थांबवल्या. तरीही पितृऋणाच्या धार्मिक कर्तव्याचा आधार घेऊन मुलांवर दावे होतच राहिले. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 रोजी लागू झाली आणि त्यानंतर घेतलेल्या कर्जांसाठी तोही आधार उरला नाही. कायद्यानं दीडशे वर्षांपूर्वी टाकून दिलेलं ओझं आपण अजून मनानं वाहतो आहोत.

पहिलं काम म्हणजे एक वही घेऊन दोन याद्या करणं. गेलेल्या माणसाचं काय होतं आणि देणं काय होतं. यात एक चूक सर्रास होते, ती म्हणजे त्याचं नसलेलंही त्याच्या यादीत घालणं. बायकोचं स्त्रीधन तिचं आहे. भविष्य निर्वाह निधीची नामनिर्देशिताला मिळणारी रक्कम कायद्यानं मृताच्या देण्यांपासून मुक्त असते. नवऱ्यानं 1874 च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली बायकामुलांसाठी काढलेली विमा पॉलिसी त्याच्या मालमत्तेत धरलीच जात नाही. वसुलीला येणाऱ्याची नजर नेमकी याच पैशांवर असते. कर्जाबरोबर विमा उतरवला होता का, हेही मंजुरीपत्रात बघा. बचत खात्याच्या पासबुकात दरवर्षी 436 रुपये कापल्याची नोंद असेल तर तो जीवनज्योती विम्याचा हप्ता असतो, आणि त्याचे दोन लाख मिळू शकतात.

आता वाटपाकडे येऊ. समजा, एका फॅब्रिकेशनवाल्याच्या मागे खात्यातली शिल्लक, मोटारसायकल आणि यंत्रं मिळून 3,00,000 रुपये उरले. भारतीय उत्तराधिकार कायद्याची कलमं 320 ते 323 देणी फेडण्याचा क्रम लावून देतात. आधी अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि शेवटच्या आजारपणाचं बिल : 55,000. मग कोर्टातून दाखला काढण्याचा खर्च : 5,000. मग कामगारांची मृत्यूआधीच्या तीन महिन्यांतली राहिलेली मजुरी : 30,000. उरले 2,10,000. बाकीची देणी 7,00,000 : बँकेचं वैयक्तिक कर्ज 3,50,000, लोखंडाच्या व्यापाऱ्याची उधारी 1,30,000, क्रेडिट कार्ड 1,20,000, मित्राचे हातउसने 1,00,000. प्रत्येकाला रुपयामागे 30 पैसे मिळतात. बँकेला 1,05,000, व्यापाऱ्याला 39,000, कार्डवाल्यांना 36,000, मित्राला 30,000. जो आधी आला, जो मोठ्यानं बोलला, त्याला जास्त असं नाही. मित्र ओरडत नाही म्हणून त्याचं बुडवायचं, असंही नाही. मला हा नियम फार न्याय्य वाटतो.

तारण कर्जाची वाट वेगळी. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत सोसायटीचा बोजा असेल किंवा घर गहाण असेल, तर त्या धनकोचा हक्क आधी त्या वस्तूवर चालतो. सरकारी करांचंही तसंच, ते वकिलाला दाखवूनच ठरवा.

हिशेब होईपर्यंत काही वाटू नका. "नाहीतरी गंजतेय" म्हणून वडिलांची मोटारसायकल मेव्हण्याला देऊन टाकली, तर तिच्या किमतीपुरती जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. काय विकलं, कितीला, कुणाला दिले, सगळं पावतीसकट ठेवा. मालमत्तेचं काय झालं हे कोर्टाला पटवून देता आलं नाही, तर तेवढी रक्कम स्वतःच्या खिशातून जाते.

आणि सही. नवं वचनपत्र, "जुनं खातं तुमच्या नावे फिरवून घेऊ" म्हणत पुढे केलेला फॉर्म, कोरा धनादेश : यांतलं काहीही देऊ नका. मुदत उलटून गेलेलं कर्जसुद्धा लेखी वचनानं पुन्हा उभं राहतं. मात्र तुम्ही आधीपासून सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तर ती जबाबदारी तुमची स्वतःची आहे. पतसंस्था सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खालच्या वसुली दाखल्यावर जामीनदाराकडून वसुली करते. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.

सावकार आला तर त्याचा परवाना मागा. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार परवाना लागतोच. नसेल तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकांच्या कचेरीत तक्रार द्या. बँकेचे वसुली प्रतिनिधी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करू शकत नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आईचा फोन काही दिवस तुमच्याकडे ठेवा.

प्रत्येक धनकोला एक छोटं पत्र लिहा : "श्री. अमुक यांचं अमुक तारखेला निधन झालं. मृत्यूचा दाखला जोडला आहे. त्यांच्या नावावरच्या येण्याचा तपशील आणि कागदपत्रांच्या प्रती लेखी द्याव्यात. हे पत्र कर्जाची कबुली नाही आणि मी कोणतीही वैयक्तिक जबाबदारी स्वीकारलेली नाही." पत्र दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या, शिक्क्यासह, तारखेसह.