एका सेंटाचे ६४ रुपये

डिसेंबर-जानेवारीत बीड जिल्ह्यातल्या गेवराई किंवा माजलगावच्या एखाद्या जिनिंगसमोर सकाळी जाऊन उभं राहावं. कापसाने शिगोशीग भरलेल्या टेम्पोंची रांग असते. ग्रेडर येतो, ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, आतला मूठभर कापूस बाहेर काढून ओलावा चाचपतो. सरकीवरून चार तंतू ओढून दोन्ही अंगठ्यांमध्ये ताणून बघतो आणि भाव सांगून मोकळा होतो. सगळं मिळून पाच मिनिटं. आपल्याला वाटतं, कापसाकडे बघून त्याने भाव सांगितला. कापसाकडे बघून त्याने ठरवली ती फक्त कट्टी, म्हणजे ओलाव्यापोटीची कपात. भाव आदल्या रात्रीच येऊन पोचलेला असतो, तोही पाउंडात आणि सेंटात.

न्यूयॉर्कचा कापूस वायदेबाजार दुपारी २ वाजून २० मिनिटांनी बंद होतो. थंडीच्या दिवसांत तेव्हा आपल्याकडे रात्रीचे १२ वाजून ५० मिनिटं झालेली असतात. जिनिंगवाला तो आकडा बघून झोपतो, आणि आकडा वाईट असला तर तेही जमत नाही.

हिशोब एकदा कागदावर मांडून बघा, मजा वाटेल. समजा न्यूयॉर्कला भाव पाउंडाला ७० सेंट आहे आणि डॉलर ८५ रुपयांना. एका किलोत सव्वादोन पाउंडांना थोडे कमी, म्हणजे रुई किलोला सुमारे १३१ रुपये पडली. एक क्विंटल कापूस जिनिंगमधून काढला की साधारण ३४ किलो रुई मिळते. तिचे झाले ४,४६० रुपये. उरलेली सुमारे ६५ किलो सरकी तेलाला आणि पेंडीला जाते. तिचा भाव ३,५०० रुपये क्विंटल धरला तर आणखी २,२७५. बेरीज ६,७३५. यातून जिनिंग-प्रेसिंगचा खर्च, हमाली, गाडीभाडं, व्याज आणि मालकाचं पोट वजा केलं की उरेल तो गेटवरचा भाव. म्हणजे भाव शेतापासून पुढे चालत जात नाही, समुद्रापलीकडून वजाबाकी करत मागे येतो.

याच मांडणीतून दोन आकडे निघतात. न्यूयॉर्कला भाव एका सेंटाने हलला की इथे क्विंटलमागे सुमारे ६४ रुपये हलतात. डॉलर एका रुपयाने चढला की ५२. सेंट म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग, तिकडे रस्त्यात पडला तर कोणी वाकून उचलत नसेल. वडवणीच्या शेतकऱ्याला मात्र तो क्विंटलमागे ६४ रुपयांनी जड जातो.

जिनिंगवाल्याची कसरत याच्याही पुढची. शेतकऱ्याला पैसे आज हवेत. गाठ बांधून विकायला काही आठवडे लागतात. एक गाठ १७० किलोची, म्हणजे तिला बरोबर पाच क्विंटल कापूस लागतो. १०० गाठींच्या एका लॉटला ५००. एवढ्या अवधीत न्यूयॉर्क चार सेंटांनी पडलं, तर त्या एका लॉटवर सव्वा लाखाच्या वर फटका बसतो. सगळे जिनिंगवाले काही निर्यात करत नाहीत. पुष्कळांचा माल तमिळनाडूच्या सूतगिरण्यांना किंवा मोठ्या व्यापाऱ्यांना जातो. पण ती सूतगिरणीही परदेशी रुईचा भाव बघूनच बोलते. सुटका नाही.

परदेशी गिऱ्हाइकांत मोठं नाव बांगलादेशचं. तयार कपड्यांच्या निर्यातीत जगातल्या पहिल्या दोन-तीन देशांत बसणाऱ्या या देशात कापूस जवळजवळ पिकतच नाही. तिथला गिरणीवाला आणि इथला व्यापारी एकमेकांना ओळखत नसले तरी चालतं, कारण मध्ये एलसी असते: कागद बरोबर असतील तर पैसे आम्ही देऊ, अशी गिरणीवाल्याच्या बँकेची हमी. अनोळखी माणसाच्या गाठी बँकेच्या शब्दावर सीमा ओलांडतात, ही माझ्या मते या धंद्यातली सर्वांत मोठी करामत. २०२२-२३ मध्ये बांगलादेशात डॉलरची चणचण झाली, तेव्हा एलसी उघडणंच अवघड होऊन बसलं. गिऱ्हाईक होतं, माल होता, डॉलर नव्हते.

हे सगळं आजकालचं, जागतिकीकरणाचं, असं वाटत असेल तर थांबा. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं आणि शेजारचं नगर १९४७ पर्यंत इंग्रजांच्या. बीडमधल्या आष्टीहून नगरला माल नेणं म्हणजे परराज्यात नेणं. वाटेत करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात. इकडचा रुपया हाली, तिकडचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा साधारण हिशोब. ‘परकीय चलन विनिमय’ हा भारदस्त शब्द कानावर पडायच्या कितीतरी आधी आपल्याकडचा आडत्या तो उभ्या उभ्या करत होता.

जुन्या व्यापाराची एक खूण तर अजून रोजच्या बोलण्यात आहे. रुईचा भाव आजही खंडीवर बोलतात, आणि खंडी भरते सुमारे ३५६ किलोची. ना धड क्विंटल, ना टन. पाउंडात मोजली की कोडं सुटतं: ७८४ पाउंड, म्हणजे बरोबर सात इंग्रजी हंड्रेडवेट. इंग्लंडशी बांधलेल्या या व्यापाराने एकदा मुंबईला हादरवलंही: १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडमधल्या लिव्हरपूल बंदरात पोचेना, आणि मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला. युद्ध संपल्याची बातमी आली आणि पेढ्या कोसळल्या.

दूरच्या भांडणाचा धक्का आजही तसाच बसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं. शर्ट आणि चादरी विकणारे अडचणीत आले. त्याच महिन्यात दिल्लीने परदेशी कापसावरचं ११ टक्के शुल्क उठवलं आणि ही सूट पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. गिरण्यांना दिलासा मिळाला, पण बोंडं फुटायच्या आधीच देशी कापसाच्या भावावर झाकण बसलं. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. वरच्या वजाबाकीशी ताडून बघा, म्हणजे हमीभावाने खरेदी करणाऱ्या सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रांपुढे रांगा का लागल्या ते कळेल.

राहता राहिला शेतकरी. २०२१-२२ च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या पार गेला. मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कला दीडशे सेंटांच्या वर भाव होता. ऑक्टोबर संपेपर्यंत तो निम्म्यावर आला. इकडे पुढच्या हंगामात शेतकऱ्यांनी गेल्या वर्षीच्या भावाची वाट बघत कापूस घरात रचला. व्यापारी भाषेत याला माल धरून ठेवणं म्हणतात. त्या घरांत माणसं कापसाच्या ढिगाला चिकटून झोपत होती, लेकरांच्या अंगाला खाज सुटत होती, आणि बियाण्याच्या पैशांसाठी मृगाच्या तोंडावर तो ढीग सातेक हजारांनी टेम्पोत भरावा लागला.