होडी आली गोरेगावला!

होडी पाण्यात बुडते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण तीच होडी जमिनीवर नुसती उभी राहून मोडते, हे माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाला कोठून कळणार? ते ज्ञान मला झाले आमच्या गोरेगावात. लोकलगाडीचे गोरेगाव नव्हे बरे का! हे हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. मुंबईहून पाचशेहून अधिक किलोमीटर रस्ता तुडवावा तेव्हा लागणारे. कापूस, सोयाबीन, हळद हवी तेवढी पाहा; समुद्र मात्र भूगोलाच्या पुस्तकात.

अशा गावी गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा मोटारीमागे दोनचाकी गाडा जोडून शिडाची होडी घेऊन आला. पुण्यात फ्लॅटखाली दुरुस्तीला जागा नाही, आणि आमच्या वाड्याचे अंगण रिकामे. होडी त्याच्या कैलासवासी वडिलांची. १९८२ च्या आशियाई स्पर्धेत मुंबईच्या समुद्रावर फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्णपदक मिळवले, तेव्हापासून दाजींना शिडाचे वेड लागले होते. ही त्यांची होडी 'एंटरप्राइज' जातीची, प्लायवुडची. जॅक होल्ट या इंग्रज रचनाकाराने १९५६ साली आखलेली ही जात. लांबी सव्वातेरा फूट, नुसत्या सांगाड्याचे वजन ९४ किलोंच्या आसपास, आणि शीड निळे.

तिच्या बुडाला दोन ठिकाणी तळहाताएवढे खळगे पडले होते. दरवर्षी बुजवायचे आणि दरवर्षी पुन्हा पडायचे. "माणूस गेला, आता हे लाकूड किती दिवस पोसायचे? विकून टाक," असे ताईने निक्षून सांगितलेले. भाच्याने एकच उन्हाळा मागून घेतला होता.

आमचे काका ऐंशीच्या घरातले. हयात बैलगाडीवर गेलेली. गावची पोरे शीड पाहायला जमली, काका मात्र गाड्याखाली वाकले. "अरं, हिचा कणा तर अधांतरी हाय! समदं वजन पोटावर."

खरेच तसे होते. गाड्याच्या मधल्या रबरी चाक्या खाली राहिल्या होत्या आणि बाजूच्या दोन फळ्या वर आल्या होत्या. पाणी होडीला सगळीकडून सारखे उचलून धरते. येथे सगळा भार दोन फळ्यांच्या कडांवर, त्यात रस्त्याचे हिसके. पातळ प्लायवुड आत दबणार नाही तर काय होईल? कोकणात पावसाळ्यापूर्वी होड्या ओढून किनाऱ्यावर ठेवतात, तेव्हा भार कण्याखालच्या ओंडक्यांवर असतो. बाजूचे टेकू फक्त कलंडू देत नाहीत.

भाचा लगेच फळ्या खाली घ्यायला निघाला. काकांनी थांबवले. "आधी धुरा बघ, मग पोट." होडी पुढेमागे सरकली की टेकूंची जागा बदलणारच, म्हणून तोल प्रथम. बैलगाडी मागे जड झाली तर उलाळ होते, पुढे जड झाली तर धुरजड. (किती नेमके शब्द! आमच्या वर्गात ते एकाही विद्यार्थ्याला ठाऊक नसावेत.) गाड्याचेही तेच. मागे भार गेला तर वेगात तो शेपटीसारखा झोके घेतो. पुढे फार आला तर मोटारीची मागची चाके दाबतो. एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के भार जोडावर असावा, असा सर्वसाधारण हिशेब. होडी, डोलकाठी आणि गाडा मिळून सव्वादोनशे किलो. हळद मोजायच्या काट्यावर जोडाचे टोक टेकवले, तर भरले अवघे चार! होडी वीतभर पुढे घेतली, नाकाचा अडसरही पुढे नेला; काटा चौदावर आला.

मग पोट. पहिल्या चाकीपासून शेवटच्या चाकीपर्यंत दोरी ताणून चाक्या एका रेषेत वर घेतल्या. शेवटची चाकी अगदी मागच्या टोकाजवळ नेली, शेपूट लोंबकळू नये म्हणून. होडी कण्यावर बसल्यावर बाजूच्या फळ्या आतल्या आडव्या चौकटीखाली, जेथे होडीचे अंग मजबूत, तेथे आणल्या आणि नुसत्या स्पर्श करतील इतक्याच वर घेतल्या. बुडाचा बाक पुठ्ठ्यावर उतरवून सुताराने त्या तासल्या. काकांनी गोणपाट सुचवले, पण ते पाणी धरून लाकूड कुजवते; शेवटी ताईने पुण्याहून नायलॉनचा जुना गालिचा धाडला. बांधायचे पट्टेही आता टेकूच्या बरोबर वरून जातात, आणि बेताने आवळले जातात.

जूनमध्ये आभाळ भरून आले तेव्हा बुडाचे बूच काढून नाक उंच ठेवले. शंभर लिटर पाणी साचले म्हणजे शंभर किलो ओझे, आणि मग सगळ्या कष्टांवर पाणीच!

सुताराने खळगे आतून बुजवल्यावर भाच्याने त्यांच्याभोवती खडूने वर्तुळे काढली. पुण्याला पोहोचताच पट्टी लावून पाहिले. केसभरही फरक नव्हता. ताईने विक्रीची जाहिरात लिहून ठेवली होती. परवा फोनवर विचारले, तर म्हणाली, "अरे, दिवाळीच्या गडबडीत कोठे द्यायची?"