न संपणाऱ्या कथेचे अर्थशास्त्र

आपल्या आवडत्या दूरचित्रवाणी मालिकेचे लेखन दिवसेंदिवस घसरत चालले आहे, अशी तक्रार कोणी केली की आपल्याकडील सुबुद्ध मंडळी किंचित हसतात. ‘करमणूकच ती, आवडत नसेल तर बटण दाबावे आणि बंद करावी,’ असा सल्ला देऊन ती मोकळी होतात. शिक्षकांनी मधल्या सुटीत, कारकुनांनी चहाच्या वेळी किंवा विद्यार्थ्यांनी तासाआधी कालच्या भागावर तावातावाने बोलावे, हे त्यांना रिकामपणाचे लक्षण वाटते. परंतु शेकडो भाग निष्ठेने पाहिलेला माणूस जेव्हा रागावतो, तेव्हा त्याच्या रागामागे काही हिशेब असतो. तो एका मालिकेपुरता नसल्यामुळे समजून घेण्यासारखा आहे.

आपल्या कोकणातलेच उदाहरण घेऊ. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका झी मराठीवर २०१६ साली सुरू झाली. आकेरी गावच्या एका वाड्यात तिचे चित्रीकरण झाले. अण्णा नाईकांच्या मृत्यूनंतर एकत्र जमलेले कुटुंब, त्यातील हेवेदावे आणि वाड्यात घडणारे अगम्य प्रकार असा तिचा विषय होता. तिने अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, कोकणची बदनामी होते, असे आक्षेप आरंभीच निघाले. त्यांत तथ्य किती, हा स्वतंत्र वाद आहे. तथापि एरवी विनोदापुरती वापरली जाणारी मालवणी बोली रोज रात्री घराघरांत गंभीरपणे ऐकू येऊ लागली, हे श्रेय त्या मालिकेला दिलेच पाहिजे.

२०१९ साली दुसरे पर्व आले. ते काळाने मागे जाऊन अण्णांच्या हयातीची कथा सांगू लागले. येथे भुतापेक्षा माणूस भयंकर होता. माधव अभ्यंकरांनी उभा केलेला लंपट, क्रूर आणि तरीही रुबाबदार अण्णा, निमूटपणे सोसणारी माई आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता ही पात्रे लोकांच्या तोंडी बसली. कारण त्यांच्या प्रत्येक कृतीला काही कारण होते आणि प्रत्येक कृतीचा काही परिणाम होत होता. २०२१ साली तिसरे पर्व सुरू झाले, आणि अण्णा व शेवंता भूतरूपाने वावरू लागले. मध्येच शेवंतेचे काम करणारी अभिनेत्रीही बदलली. ज्याचे मरण होऊन गेले, ज्याला आता गमवायला काहीच उरले नाही, त्याची भीती एखाद वेळ वाटेल. पण त्याच्याविषयी उत्कंठा कशी वाटावी? आधीची दोन पर्वे मन लावून पाहिलेल्या अनेकांचा हिरमोड झाला तो येथे. २०२२ साली ते पर्व आटोपले, तेव्हा हळहळीपेक्षा सुटकेचाच भाव अधिक होता.

अद्भुताचा कायदा

अद्भुत कथेत काहीही घडू शकते, म्हणून तेथे लेखकाला मोकळे रान असते, हा एक मोठा गैरसमज आहे. वास्तववादी कथेला जगाचे नियम आयते मिळतात. अद्भुत कथेला ते स्वतः घालून द्यावे लागतात आणि एकदा घालून दिल्यावर काटेकोर पाळावे लागतात. भूत आज भिंतीतून आरपार जात असेल आणि उद्या दाराची कडी वाजवीत उभे राहत असेल, तर प्रेक्षक घाबरत नाही, तो लेखकाची कीव करतो. देवकीनंदन खत्री यांच्या १८८८ सालच्या ‘चंद्रकांता’ कादंबरीत तिलिस्म होते, वेषांतरपटू ऐयार होते. पण त्या ऐयारांच्या विद्येला मर्यादा होत्या आणि आपापसांत पाळायचा धर्मही होता. १९९४ साली दूरदर्शनवर आलेली त्याच नावाची मालिका जसजशी लांबली, तसतशी या मर्यादांची कुंपणे मोडत गेली आणि अखेरीस मूळ कादंबरीशी नावापलीकडे फारसे नाते उरले नाही.

साता समुद्रापलीकडेही वेगळे घडले नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही अमेरिकी मालिका २०११ ते २०१९ या काळात आठ पर्वे चालली. ती ज्या कादंबऱ्यांवर आधारलेली होती, त्यांचा पाचवा खंड २०११ साली आला आणि मालिका संपेपर्यंत सहावा आलाच नाही. लेखकाची पुस्तके सरली, आणि पुढची वाट मालिकाकर्त्यांना स्वतः काढावी लागली. शेवटचे पर्व पुन्हा लिहून पुन्हा चित्रित करावे, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. आणि गंमत अशी, की १९ मे २०१९ रोजी दाखवला गेलेला तिचा अखेरचा भाग त्या रात्री अमेरिकेत सुमारे १ कोटी ९३ लाख लोकांनी पाहिला. त्या वाहिनीवरील तो विक्रम होता. म्हणजे रागाचा कळस आणि प्रेक्षकसंख्येचा कळस एकाच वेळी गाठला गेला! अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने थांबून विचार करावा अशी ही जागा आहे.

मोजमाप कशाचे?

आपल्याकडे मालिकेचे यशापयश ठरते ते प्रेक्षकसंख्येच्या साप्ताहिक आकड्यांवर. नमुन्यादाखल निवडलेल्या घरांत बसवलेल्या यंत्रांवरून देशभराचा अंदाज बांधला जातो. नमुना-पाहणीचे शास्त्र पाहता यात गैर काही नाही. परंतु कोणती वाहिनी, किती वेळ आणि घरातील कोणी पाहिली, एवढेच ते यंत्र सांगू शकते. समोर बसलेला माणूस तल्लीन झाला होता की कपाळाला हात लावून बसला होता, हे त्याला कळत नाही. चिडून पाहणारा आणि रंगून पाहणारा या दोघांचे मोल त्याच्या लेखी सारखेच.

दुसरी बाजू खर्चाची. नवी मालिका उभी करायची तर कथा, कलावंत, जागा, जाहिरात या सर्वांवर आधी भांडवल घालावे लागते आणि ती चालेलच याची शाश्वती नसते. चालू मालिकेचा वाडा उभा असतो, पात्रे परिचित झालेली असतात, प्रेक्षकाला आठ वाजता की साडेआठ वाजता बसायचे याची सवय लागलेली असते. तीत आणखी एक भाग वाढवण्याचा खर्च त्या मानाने अल्प. अशा वेळी कथा संपली म्हणून मालिका संपवणे हे निर्मात्याला नुकसानीचेच वाटणार. लेखकाला मात्र आठवड्याचे पाच-सहा भाग रोजच्या रोज पुरवावे लागतात. विहीर आटली तरी रहाट फिरवीत राहण्याची सक्ती त्याच्यावर असते. म्हणून घसरणीचा सारा दोष एकट्या लेखकाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

जाणारे आणि बोलणारे

आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक छोटेसे पण फार मोलाचे पुस्तक लिहिले. एखाद्या संस्थेचा दर्जा घसरू लागला, की ग्राहकापुढे दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. यांपैकी कोणता मार्ग माणूस धरतो, हे त्याच्या निष्ठेवर अवलंबून असते. हर्शमनचा मार्मिक मुद्दा पुढेच आहे. दर्जाविषयी जे सर्वांत जागरूक असतात, तेच बहुधा सर्वांत आधी निघून जातात, आणि ज्यांच्या बोलण्याने सुधारणा झाली असती, नेमके तेच मागे राहत नाहीत.

‘आवडत नसेल तर बंद करा’ या सल्ल्यातील खोट येथे उघडी पडते. चोखंदळ प्रेक्षकाने निमूटपणे संच बंद केला, तर मागे उरतात ते केवळ सवयीने पाहणारे. आणि त्यांच्या सवयीच्या आधारावर मालिका आणखी दोन वर्षे ओढली जाते. गावच्या जिल्हा परिषद शाळेचे पुष्कळ ठिकाणी हेच झाले. ज्या पालकांनी गुरुजींना, अधिकाऱ्यांना जाब विचारला असता, त्यांनी आपली मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातली, आणि शाळेला जाब विचारणारे कोणी उरले नाही. उलट, सोडून जाण्याचे दार बंद झाले की काय होते, हे पेणकरांना सांगायला नको. २०१० साली रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा ठेवीदारांच्या हाती आवाजाखेरीज दुसरे काही उरले नाही, आणि तो आवाज त्यांना वर्षानुवर्षे उठवीत राहावे लागले. कष्टाची पुंजी आणि मालिका यांची बरोबरी होऊ शकत नाही, हे उघड आहे. पण घसरण दिसू लागताच बोलण्याची सवय समाजाला असावी लागते, आणि ती लहान गोष्टींतूनच लागते.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. प्रेक्षकांच्या मागणीप्रमाणे लिहायचे, तर लेखकाचे स्वातंत्र्य कोठे राहिले? आर्थर कॉनन डॉइलने १८९३ साली शेरलॉक होम्सला मारले, तेव्हा वाचक संतापले, आणि १९०३ साली त्याला आपला नायक परत आणावा लागला. असा दबाव सर्वस्वी इष्ट म्हणता येणार नाही. मात्र दोन मागण्यांत फरक केला पाहिजे. ‘अमक्याला मारू नका, तमक्याचे लग्न लावा’ ही मागणी लेखकाच्या अधिकारात ढवळाढवळ करते. ‘तुम्हीच घालून दिलेले नियम तुम्ही पाळा’ ही मागणी त्याच्या प्रतिष्ठेचीच राखण करते. १९८४ साली सुरू झालेल्या ‘हम लोग’ला प्रेक्षकांची लाखो पत्रे गेली, मनोहर श्याम जोशींची लेखणी त्यामुळे बाटली, असे कोणी म्हणत नाही.

शेवटाची तारीख

पेण, हमरापूर, जोहे येथील गणपतीच्या कारखान्यांतून या बाबतीत काही शिकता येईल. दूरचित्रवाणीचे वारे तेथेही पोचते. ‘जय मल्हार’ मालिका गाजत होती, त्या वर्षांत खंडोबाच्या रूपातील गणपतींना मागणी आली होती. परंतु मूर्तिकाराला चतुर्थीची तारीख वर्षाच्या आरंभीच ठाऊक असते. साचा, रंग, डोळ्यांची आखणी यांचा क्रम तो त्या तारखेवरून मागे मोजत लावतो. आखणी झाल्यावर मूर्तीला हात लावायचा नाही, हे तो जाणतो. आणखी चार हात जोडल्याने गणपती अधिक सुंदर होत नाही. आपल्या जुन्या कलाप्रकारांनीही हे भान राखले होते. दशावताराचा खेळ रात्रभर रंगला, तरी पहाटेला आटोपतो. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ‘करमणूक’मधून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध होत होती, तीही तीन-एक वर्षांत पूर्णत्वास गेली, म्हणूनच ती कादंबरी म्हणून टिकली. दूरदर्शनवरील ‘महाभारत’ १९८८ ते १९९० या काळात ९४ भागांत संपले. महाभारत ९४ भागांत मावते, तर एका वाड्याची गोष्ट किती भागांत मावावी?

वाहिन्यांनी मालिकेच्या आरंभीच भागांची संख्या जाहीर करावी, ही मागणी अवास्तव नाही. वृत्तपत्रांनीही मालिकेचे परीक्षण पहिल्या आठवड्यापुरते न ठेवता शंभराव्या आणि शेवटच्या भागानंतर करावे. वाचनालयांतून कादंबरीवर चर्चा होते, तशी मालिकेच्या लेखनावर व्हायलाही हरकत नाही. आणि प्रेक्षकाने, बंद करायचीच असेल, तर ती अवश्य बंद करावी; पण त्याआधी वाहिनीला चार ओळींचे पत्र लिहून, ती का बंद करीत आहोत, हे कळवावे. त्या यंत्राला जे मोजता येत नाही, ते सांगण्याचे काम आपल्यालाच करावे लागणार आहे.